बनावट कोणती, नक्कल कोणती?

खांब हे रोहा तालुक्यातील मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. उत्तरेला नागोठण्यावरून पेणकडे जाणारा रस्ता, दक्षिणेला कोलाड, आणि कोलाडहून रोह्याकडे वळले की कुंडलिकेकाठी पसरलेली धाटावची औद्योगिक वसाहत. बौद्धिक संपदेचा कायदा हा विषय अशा गावापासून फार दूरचा, दिल्लीतील वकिलांचा आणि मुंबईतील उद्योगपतींचा आहे, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. या परिसरातील माणूस औषधाच्या दुकानाची पायरी चढतो तेव्हा तो गिऱ्हाईक असतो. धाटावला पाळीवर जातो तेव्हा कामगार असतो. आणि पेणची गणेशमूर्ती किंवा अलिबागचा पांढरा कांदा बाजारात नेतो तेव्हा उत्पादक असतो. कायदा कडक झाला तर या तिन्ही नात्यांनी त्याच्यावर परिणाम होतो. मात्र तिन्ही वेळी तो परिणाम सारखाच होईल असे नाही. कडक कायद्याची मागणी करणारे नेमकी हीच गोष्ट नजरेआड करतात.

ही मागणी नवी नाही, आणि ती करणारे सामान्य कुवतीचेही नाहीत. व्यापारी व औद्योगिक संघटनांच्या परिषदांतून ती वर्षानुवर्षे मांडली जात आहे. ‘फिक्की’ने तर तस्करी व बनावट माल यांच्याविरुद्ध २०११ मध्ये एक स्वतंत्र समितीच स्थापन केली. अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी दरवर्षी जो अहवाल प्रसिद्ध करतात, त्यात बौद्धिक संपदेच्या रक्षणात कमी पडणाऱ्या देशांच्या यादीत भारताचे नाव अनेक वर्षे अग्रक्रमाने येत आले आहे. युक्तिवाद सर्वत्र एकच असतो: बनावट मालामुळे सरकारचा महसूल बुडतो, प्रामाणिक कारखानदार मागे पडतो, रोजगार घटतो, गिऱ्हाईक फसतो, म्हणून शिक्षा वाढवा, पोलिसांना अधिक अधिकार द्या. या युक्तिवादात तथ्य नाही असे कोणीही म्हणणार नाही. नामांकित साबणाच्या वेष्टनात भलताच साबण भरून विकणारा माणूस चोर आहे, आणि त्याची पाठराखण करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, या निर्विवाद चोराकडे बोट दाखवून जो कायदा मागितला जातो, तो अखेर कोणाच्या मानेवर बसतो?

कायदा खरोखरच सौम्य आहे काय?

मागणीचे पहिले गृहीतक असे की, आजचा कायदा लेचापेचा आहे. हे गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे. खोटे व्यापारचिन्ह वापरणाऱ्यास १९९९ च्या कायद्यानुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. कॉपीराइटचा भंग करणाऱ्यासही शिक्षेची हीच मर्यादा आहे. कॉपीराइटभंगाचा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. बनावट औषधाने रुग्णाचा मृत्यू झाला किंवा त्याला गंभीर इजा पोहोचली, तर २००८ च्या दुरुस्तीनंतर किमान दहा वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. २००३ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तर अशा गुन्ह्याला फाशीचीच शिफारस केली होती.

महाराष्ट्र याबाबतीत इतर राज्यांच्या मागे नाही. उलट दोन पावले पुढेच आहे. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधिद्रव्यविषयक गुन्हेगार व धोकादायक व्यक्ती यांना आवर घालण्यासाठी राज्याने १९८१ मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा केला. २००९ मध्ये या यादीत चित्रपटांच्या चोरट्या प्रती काढणाऱ्यांची भर पडली. तामिळनाडूने असेच पाऊल २००४ मध्ये उचलले होते. त्यामागे चित्रपटव्यवसायाचा आग्रह होता, हे उघड आहे. या कायद्याखाली माणसाला खटल्यावाचून बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध ठेवता येते. आणीबाणीच्या काळात विनाचौकशी अटकेविरुद्ध ज्या महाराष्ट्रात एवढे रान उठले, त्याच महाराष्ट्रात एका धंद्याच्या मिळकतीच्या रक्षणासाठी विनाखटला स्थानबद्धतेचे हत्यार परजले गेले आणि त्यावर फारशी चर्चाही झाली नाही, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

पुढे २०१७ मध्ये राज्याच्या सायबर विभागात लंडनच्या पोलिसांचा नमुना पुढे ठेवून बौद्धिक संपदेच्या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र कक्ष उभा राहिला. त्यालाही चित्रपट-उद्योगाचे पाठबळ होते. २०२३ मध्ये केंद्राने सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती करून चित्रपटगृहात चोरून चित्रण करणाऱ्यास तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि तीन लाख रुपयांपासून चित्रपटाच्या निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठेवला. एवढे सारे होऊनही चोरी थांबली का? तबकड्या विकणारा पदपथावरचा पोऱ्या गेला खरा. पण तो पोलिसांच्या धाकाने गेला नाही, तबकड्यांचा जमानाच सरला म्हणून गेला. चोरी आता मोबाइल फोनच्या पडद्यावर आली आहे. मराठी निर्मात्याला तिची झळ आजही बसते, आणि मोठ्या हिंदी निर्मात्यापेक्षा अधिक बसते, कारण त्याची सारी मिळकत पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या तिकीटविक्रीवर अवलंबून असते. शिक्षेची धार वाढली, पण ज्याच्या नावाने ती वाढवली त्याच्या पदरात फारसे पडले नाही. तेव्हा दुखणे शिक्षेच्या कलमात नसून अन्यत्र आहे, हे मान्य करावे लागते.

धाटाव कशावर उभे राहिले?

आता कामगाराच्या नात्याने विचार करू. धाटावच्या वसाहतीत रंगद्रव्ये, कीटकनाशके, औषधांना लागणारी द्रव्ये आणि तऱ्हेतऱ्हेची रसायने तयार होतात. कोलाडपासून रोह्यापर्यंतच्या कित्येक घरांची चूल या कारखान्यांच्या पगारावर पेटते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची जमीन, कुंडलिकेचे पाणी आणि मुंबईची जवळीक ही अशा वसाहतींच्या वाढीची कारणे तर होतीच. पण देशातील एकूण रासायनिक व औषधी उद्योगाच्या बाबतीत आणखी एक कारण होते. ते म्हणजे १९७० चा पेटंट कायदा.

इंग्रजांनी मागे ठेवलेल्या १९११ च्या कायद्यात औषधावरच पेटंट घेता येत असे. मग ते औषध दुसऱ्या कोणत्याही रीतीने बनवण्यास इतरांना बंदी होई. स्वतंत्र भारतात न्यायमूर्ती बक्षी टेकचंद आणि त्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या पायावर १९७० चा कायदा उभा राहिला आणि २० एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. अन्न, औषधे आणि रासायनिक क्रियेने बनणारे पदार्थ यांच्यावर पेटंट मिळणार नाही. मिळाले तर ते बनवण्याच्या विशिष्ट पद्धतीवर मिळेल, हे त्याचे मर्म. अन्न व औषधांच्या बाबतीत त्याची मुदतही मंजुरीपासून पाच किंवा अर्जापासून सात वर्षे, यांपैकी जी आधी संपेल ती, एवढीच ठेवली होती. याचा अर्थ सोपा आहे. परदेशी कंपनीने शोधलेले औषध भारतीय रसायनशास्त्रज्ञाने वेगळ्या मार्गाने तयार केले, तर ती चोरी ठरत नव्हती. ती कर्तबगारी ठरत होती.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तेव्हाही ‘उद्योगजगत’ या विषयावर एकमुखाने बोलत नव्हते. १९६१ मध्ये स्थापन झालेली भारतीय औषध उत्पादकांची संघटना पेटंटचा फास सैल करावा म्हणून झटत होती, तर १९६५ मध्ये स्थापन झालेली, बहुराष्ट्रीय कंपन्यांचे प्राबल्य असलेली दुसरी संघटना तो घट्ट राहावा अशा मताची होती. दोघांचीही मुख्य कार्यालये मुंबईतच होती. तेव्हा ‘उद्योजकांना कडक कायदा हवा आहे’ असे वाक्य कानी पडले की, कोणत्या उद्योजकांना, हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे. ज्याच्यापाशी हक्क साठलेले असतात त्याला कुंपण उंच हवे असते. ज्याला अजून उभे राहायचे असते त्याला वाट मोकळी हवी असते. अमेरिकेसह आज कुंपणाचा आग्रह धरणाऱ्या अनेक देशांनीही आपल्या बाल्यावस्थेत दुसऱ्यांच्या पुस्तकांची व यंत्रांची मुक्तहस्ते नक्कल केली होती, हा इतिहास आहे.

१९७० च्या कायद्याचे फळ जगाने पाहिले. एड्सवरील तीन औषधांच्या उपचाराला रुग्णामागे वर्षाला दहा हजार डॉलर किंवा त्याहून अधिक खर्च येत असे. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या ‘सिप्ला’ने तोच उपचार दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी दरात, वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. या कंपनीचा एक कारखाना रायगड जिल्ह्यातच पाताळगंगेला आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार २००५ पासून भारताला औषधांवर वीस वर्षांचे पेटंट पुन्हा मान्य करावे लागले. तथापि संसदेने काही खिडक्या उघड्या ठेवल्या. जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट मागू नये, हे कलम त्यांपैकी एक. १ एप्रिल २०१३ रोजी ‘नोव्हार्टिस’च्या रक्तकर्करोगावरील औषधाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. दुसरी खिडकी सक्तीच्या परवान्याची. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रकांनी ‘बायर’च्या कर्करोगावरील औषधाबाबत असा परवाना ‘नॅटको’ला दिला, आणि महिन्याचा खर्च दोन लाख ऐंशी हजार रुपयांवरून आठ हजार आठशे रुपयांवर आला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा निर्णय उचलून धरला. असा परवाना देशात आजवर एकदाच दिला गेला आहे. तरीही याच खिडक्या बंद कराव्यात असा तगादा परदेशी कंपन्यांनी आणि त्यांच्या सरकारांनी सतत लावला आहे.

दोन शब्दांची गल्लत

या तगाद्याला जनमताचा आधार मिळतो तो दोन शब्दांच्या गल्लतीमुळे. ‘बनावट’ आणि ‘नक्कल’ हे दोन शब्द कडक कायद्याच्या प्रचारात एकाच दमात उच्चारले जातात. वास्तविक त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. गोळीत औषधच नाही, खडूची भुकटी आहे, आणि वेष्टनावर मात्र दुसऱ्याच कंपनीचे नाव आहे, ही बनावट. तिने गिऱ्हाइकाची फसवणूक होते व जीवही जातो. उलट गोळीत योग्य ते द्रव्य योग्य त्या प्रमाणात आहे, बनवणाऱ्याने आपले नाव उघडपणे छापले आहे, वाद आहे तो केवळ पेटंट कोणाचे, एवढाच. ही फार तर नक्कल. हिच्यामुळे गिऱ्हाईक फसत नाही. मूळ कंपनीचा नफा घटतो. पहिला प्रश्न फौजदारी आहे, दुसरा दिवाणी. दोन्ही एका पोत्यात भरले की पोलिसी बळ दिवाणी वादात वापरता येते.

असे घडू शकते याचा पुरावा हवा असल्यास तो दूर शोधावा लागत नाही. डिसेंबर २००८ मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली रक्तदाबावरील औषधे वाटेत नेदरलँड्सच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अडवली. भारतात ती कायदेशीर होती, ब्राझीलमध्येही कायदेशीर होती. फक्त वाटेवरच्या देशात त्यांचे पेटंट होते. भारताने २०१० मध्ये हे प्रकरण जागतिक व्यापार संघटनेत नेले, तेव्हा युरोपने पुढच्या वर्षी माघार घेतली. केनियाने २००८ मध्ये बनावट मालाविरुद्ध केलेल्या कायद्याची व्याख्या इतकी सैल होती की तीत स्वस्त व अस्सल औषधेही सापडत होती. २०१२ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने रुग्णांच्या जगण्याच्या हक्काचा आधार घेऊन ती रोखली. त्याच वर्षी जुलैमध्ये युरोपीय संसदेने बनावटविरोधी आंतरराष्ट्रीय करार मोठ्या बहुमताने फेटाळला.

आता गिऱ्हाइकाचे खरे दुखणे कोणते, तेही पाहू. देशातील औषधांत बनावटीचे प्रमाण दहा टक्के, वीस टक्के, त्याहूनही अधिक असल्याचे आकडे वेळोवेळी फेकले गेले. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २००९ मध्ये २४ हजार १३६ नमुने तपासले. त्यांत बनावट निघाले ११. पुढे २०१४ ते २०१६ या काळात सुमारे ४७ हजार नमुन्यांची देशव्यापी तपासणी झाली. तीत बनावटीचे प्रमाण ०.०२४५ टक्के, तर अप्रमाणित, म्हणजे परवानाधारक कारखान्यातूनच निघालेल्या पण दर्जाला न उतरणाऱ्या औषधांचे प्रमाण ३.१६ टक्के आढळले. शासकीय पुरवठ्यातील नमुन्यांत तर अप्रमाणित औषधे १०.०२ टक्के होती. नमुने दुकानातून आणि कोठारातून घेतलेले असल्याने चोरवाटांनी विकला जाणारा सगळाच माल त्यांत आला असेल असे नाही, हे मान्य करूनही एक गोष्ट लख्ख दिसते. खांबच्या किंवा पेणच्या रुग्णाला बनावट गोळीपेक्षा खऱ्या नावाची पण निकस गोळी मिळण्याचा धोका शंभर पटींहून अधिक आहे.

महाराष्ट्राला तर हे नव्याने शिकवण्याची गरज नसावी. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने जे बाहेर काढले ते कायद्याच्या उणिवेचे चित्र नव्हते. खरेदी, तपासणी आणि परवाने या प्रत्येक पायरीवर यंत्रणेने डोळे कसे मिटले, याचे ते चित्र होते. कायदा होता, तो राबवणारा माणूस नव्हता, किंवा होता पण त्याचे हात बांधलेले होते. कडक कलमांची मागणी करणाऱ्या किती संघटनांनी तेव्हापासून आजपर्यंत औषध निरीक्षकांच्या रिक्त जागा भराव्यात, प्रयोगशाळा वाढवाव्यात, यासाठी एवढाच आवाज उठवला?

दुहेरी माप

हा प्रश्न कुत्सितपणाने विचारलेला नाही. २०२३ मध्ये संसदेने ‘जनविश्वास’ कायदा केला. व्यवसाय करणे सुलभ व्हावे म्हणून अनेक कायद्यांतील कैदेच्या तरतुदी काढाव्यात अथवा दंडावर भागवावे, हा त्याचा हेतू. आणि उद्योगसंघटनांनी त्याचे स्वागत केले. त्यातील एका दुरुस्तीने विशिष्ट प्रकारच्या अप्रमाणित औषधाचा गुन्हा तडजोडीने मिटवता येण्याजोगा झाला. म्हणजे ज्या दोषाचे प्रमाण सर्वेक्षणात सर्वांत अधिक, त्यालाच सवलत. २०२४ च्या नियमांनी पेटंटधारकाची आणखी एक जबाबदारी हलकी केली. पेटंटचा वापर देशात कितपत होतो याचे विवरण पूर्वी दरवर्षी द्यावे लागे, ते आता तीन वर्षांतून एकदा दिले की पुरते. सक्तीचा परवाना मागणाऱ्याला नेमकी हीच माहिती लागते.

आपल्या चुकीला दंड पुरेसा आहे, कैद कशाला, असे म्हणायचे. आणि दुसऱ्याने आपल्या हक्काला धक्का लावला की अजामीनपात्र अटक मागायची, हे दुहेरी माप आहे. कायद्याच्या धाकाने व्यवहार सुधारतो, हे तत्त्व खरे असेल तर ते कारखानदारालाही लागू पडले पाहिजे. आणि धाकापेक्षा सोप्या व निश्चित कार्यपद्धतीने व्यवहार सुधारतो, हे खरे असेल तर ते रस्त्यावरच्या विक्रेत्यालाही लागू पडले पाहिजे. माप कोणतेही घ्यावे, पण ते एकच असावे.

माळेतला कांदा आणि चेन्नईचे कार्यालय

राहिला तिसरा, म्हणजे उत्पादकाचा प्रश्न. लहान उत्पादकालाही नावाच्या रक्षणाची गरज असते. किंबहुना त्याच्यापाशी नावाखेरीज दुसरे भांडवल नसते. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कार्ले, खंडाळे या परिसरातील शेतकरी तो पिकवतात, माळा गुंफून विकतात, आणि त्याच्या गोडीमुळे त्याला इतर कांद्यापेक्षा चांगला भाव येतो. साहजिकच दुसरीकडचा पांढरा कांदाही अलिबागच्या नावाने खपवला जातो. ही निखळ बनावट होय. कायद्यात तिला सहा महिने ते तीन वर्षांची शिक्षाही आहे.

पण ती अमलात कशी यावी? पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला या कायद्याखाली विनावॉरंट झडती घेता येत नाही, आणि झडतीपूर्वी निबंधकाचे मत मागवावे लागते. भौगोलिक मानांकनाचे कार्यालय चेन्नईला आहे. कांद्याचा हंगाम चार-पाच महिन्यांचा. पेण-वडखळच्या रस्त्यावरील एका टोपलीसाठी अलिबागच्या शेतकऱ्याने अर्ज करावा, उपअधीक्षकाने चेन्नईला लिहावे आणि उत्तर येईपर्यंत माळ विकली जाऊन संपावी, असाच हा हिशेब. ही अट मुळात पोलिसांच्या मनमानीला आळा म्हणून घातलेली आहे आणि ती योग्यच आहे; ती काढून टाकावी असे कोणी सुचवू नये. परंतु ज्या कंपनीच्या पदरी वकिलांचा ताफा आहे ती ही अट सहज पार करते आणि शेतकरी तिच्यापुढे थांबतो, हा भेद नाकारता येत नाही.

पेणच्या मूर्तिकाराची अवस्था याहून अवघड. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातील कारागीर एक मूर्ती हाताने घडवतो, तिच्यावरून साचा काढतो आणि साच्यातून शेकडो मूर्ती तयार करतो. तयार मूर्तीवरून दुसऱ्याने साचा काढला तर मूळ कारागिराच्या हाती काय राहते? कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद आहे की, नोंदणीला पात्र असूनही नोंदणी न केलेल्या डिझाइनच्या पन्नासहून अधिक प्रती औद्योगिक पद्धतीने निघाल्या की त्यावरील कॉपीराइट संपतो. मग गणेशमूर्ती ही शिल्पाकृती मानायची की डिझाइन? द्रवरूप वायू वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या आराखड्यांबाबत असाच पेच उभा राहिला, तेव्हा एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी कसोट्या घालून द्याव्या लागल्या. कंपन्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकल्या. मूर्तिकार गणेशचतुर्थीच्या आत आपली रंगवलेली मूर्ती मुंबईला पोहोचवण्याच्या विवंचनेत असतो.

कोल्हापुरी चपलेच्या प्रकरणाने हे आणखी स्पष्ट केले. तिला २०१९ मध्ये मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये मिलान येथे ‘प्राडा’ने तशाच चपला आपल्या म्हणून मांडल्या, तेव्हा महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहून जाब विचारला, आणि प्रेरणा भारतीय पादत्राणांची असल्याचे कंपनीने मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका मात्र जुलैमध्ये फेटाळली गेली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक पुढे आले पाहिजेत, असा न्यायालयाचा रोख होता. ते मालक म्हणजे महाराष्ट्र व कर्नाटक सरकारांची दोन चर्मोद्योग महामंडळे. प्रकरण अखेर वर्षाअखेरीस महामंडळे व कंपनी यांच्यातील कराराने मार्गी लागले. येथे एका व्यापारी संघटनेने लहान कारागिराच्या बाजूने आवाज उठवला, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. पण त्या आवाजाला यश आले ते लोकमताच्या दडपणाने. कायद्याच्या शिक्षेने नव्हे.

मागणी कोणती करावी?

तात्पर्य असे की, कायदा कडक हवा की सौम्य, हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. ज्या कृत्याने गिऱ्हाईक फसतो अथवा त्याचा जीव धोक्यात येतो, तेथे आजची शिक्षा पुरेशी आहे. उणीव आहे ती तपासणीची. तेव्हा पहिली मागणी औषध निरीक्षकांची, प्रयोगशाळांची आणि तपासणीचे निष्कर्ष जनतेपुढे ठेवण्याची असावी. पेटंटचे व तत्सम वाद दिवाणी न्यायालयातच राहावेत. तेथे पोलिसांना प्रवेश नसावा, आणि २००५ साली संसदेने राखलेल्या खिडक्या कोणत्याही व्यापारी करारात बंद होऊ नयेत. विनाखटला स्थानबद्धतेसारखे शस्त्र मिळकतीच्या रक्षणासाठी वापरण्याची प्रथा मोडावी. आणि ज्यांच्या नावाने एवढा गलबला केला जातो त्या लहान उत्पादकांसाठी प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी एक जबाबदार अधिकारी असावा. त्याने त्यांची नोंदणी करावी, हंगामाच्या आतच निबंधकाचे मत आणवावे, आणि गरज पडल्यास सरकारी खर्चाने दावा चालवावा. सरकारला मोठ्या कंपन्यांचे पोलीस व्हायला वेळ मिळतो. शेतकऱ्याचा वकील व्हायलाही तो मिळाला पाहिजे.

उद्योगसंघटनांना हा कार्यक्रम मान्य असेल तर त्यांच्या मागणीला सामान्य माणसाचे बळ मिळेल, आणि ते मिळावेच. त्यांना केवळ पहिल्या ओळीतील ‘कडक’ हा शब्दच हवा असेल, तर खांबच्या माणसाने आपली तिन्ही नाती आठवावीत. गिऱ्हाईक म्हणून त्याला अस्सल औषध हवे आहे आणि ते परवडेल अशा दरातही हवे आहे. कामगार म्हणून त्याला धाटावचे कारखाने चालते हवे आहेत. उत्पादक म्हणून त्याला आपल्या गावच्या नावाचे मोल हवे आहे. या तिन्हींना न्याय देणारा कायदा करता येणे शक्य आहे. तो मागणाऱ्यांच्या परिषदेत मात्र या माणसाला आजवर कोणी बोलावलेले नाही.